ज्यू धर्माचरण आणि आरोग्य: आजाऱ्यासाठी सगळी सोय, धडधाकट माणसाचं काय?

प्रश्न एका सार्वजनिक आरोग्याच्या विद्यार्थिनीचा आहे. तिला ठाणे आणि अलिबाग भागातल्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठीभाषक ज्यू, कुटुंबांत प्रबंधासाठी पाहणी करायची आहे. ती विचारते: धर्म जास्त पाळणारे ज्यू जास्त निरोगी असतात का? असतील तर ते कोशेर, म्हणजे धर्मनियमांनुसारच्या, आहारामुळे का? मग गोवराच्या साथी कडक धार्मिक वस्त्यांतच का पसरल्या? आणि प्रश्नावलीत ‘तुम्ही किती धार्मिक आहात, १ ते ५’ एवढं विचारलं तर पुरेल का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: नाही, पुरणार नाही. का ते कळायला बाकीचं सगळं वाचावं लागेल.

धर्म पाळणाऱ्या ज्यू समाजात काही बाबतींत आरोग्य चांगलं दिसतं आणि काही बाबतींत स्पष्टपणे वाईट. दोन्हीचं मूळ एकच आहे आणि ते स्वयंपाकघरात नाही. ठाण्यात फॅमिली डॉक्टर म्हणून मी बेने इस्राएल घरांतली आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंतची माणसं तपासत आलो. त्यांचे इस्राएलला स्थायिक झालेले नातेवाईकही सुट्टीत आले की तिकडच्या फायली दाखवायला येतात. या सगळ्यातून माझं ठाम मत झालं आहे की ज्यू धर्मशास्त्रानं, म्हणजे हलाखानं, आजारी माणसाचा जितका बारीक विचार केला आहे, तितकी भक्कम व्यवस्था अजून आजारी न पडलेल्या माणसासाठी समाजात उभी राहिलेली नाही. तुम्हाला जो विरोधाभास दिसतो आहे, तो बराचसा इथूनच येतो.

आकड्यांचा पुरावा आहे का, तर आहे. सगळ्यात जास्त उल्लेख होतो तो १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या इस्राएलमधल्या एका अभ्यासाचा. संशोधकांनी ११ धार्मिक किबुत्झ घेतले आणि त्यांच्या जोडीला ११ धर्मनिरपेक्ष किबुत्झ. जोड्या लावताना परिसर, जवळचं हॉस्पिटल आणि चाळिशीपुढच्या सभासदांची संख्या सारखी असेल असं पाहिलं. किबुत्झ म्हणजे सामायिक शेतीवर आणि सामायिक जेवणघरावर चालणारी वसाहत, त्यामुळे उत्पन्न, घर, काम, डॉक्टर हे सगळं बरंचसं सारखं. १९७० ते १९८५ या काळातले मृत्यू मोजले, तेव्हा धर्मनिरपेक्ष वसाहतींतलं मृत्यूचं प्रमाण जवळजवळ दुप्पट निघालं. हा फरक हृदयविकारापुरता नव्हता, मृत्यूच्या सगळ्या मुख्य कारणांत तो दिसला. दुसरीकडे बने ब्राक शहर घ्या. तिथे प्रामुख्यानं हरेदी, म्हणजे अतिकडक धर्म पाळणारे लोक राहतात. उत्पन्न कमी, घरं दाटीची, पण आयुर्मान त्या गरिबीच्या मानानं बरंच चांगलं. गरिबी आली की आयुष्य कमी होतं हा आपल्या शास्त्राचा नेहमीचा अनुभव, आणि इथे तो पुरता लागू पडत नाही.

मग याचं श्रेय कोशेरला द्यायचं का? मी देत नाही. डुक्कर नाही, शिंपल्या-कोळंबी नाही, मासा हवा तर त्याला पर आणि खवले दोन्ही हवेत, मांस आणि दूध एकत्र नाही. यात आरोग्याचं थेट सूत्र शोधायचा मोह बाराव्या शतकात खुद्द मायमोनिडीस यांनाही झाला होता. ते वैद्य होते आणि धर्मशास्त्राचे सर्वांत मोठे संहिताकारही. पण पुढे अबरबानेल यांच्यासारख्या भाष्यकारांनी ही भूमिका साफ नाकारली. तोरा, म्हणजे ज्यूंचा मूळ धर्मग्रंथ, हा वैद्यकाचा ग्रंथ नव्हे, असं त्यांचं म्हणणं. आजच्या माझ्या रुग्णांपुरतं बोलायचं तर कोशेर मांस आधी अर्धा तास पाण्यात ठेवतात, मग रक्त निघून जावं म्हणून साधारण तासभर जाड मिठात ठेवतात, आणि मग धुतात. धुतलं तरी मिठाचा अंश राहतोच. रक्तदाबाच्या रुग्णाला मी हे मुद्दाम विचारतो आणि स्वयंपाकात वरून मीठ घालू नका असं सांगतो. कोशेरचा खरा फायदा वेगळा आहे: लहानपणापासून ‘हे आपण खात नाही’ म्हणायची आणि पाकिटावरची घटकांची यादी वाचायची सवय. अशा माणसाला मधुमेहाचं पथ्य शिकवणं सोपं जातं, कारण ताटाला नियम असतो हे त्याला नव्यानं पटवावं लागत नाही.

आता मूळ मुद्दा. हलाखात ‘पिकुआख नेफेश’ नावाचं तत्त्व आहे. जीव वाचवायचा असेल तर मूर्तिपूजा, मनुष्यहत्या आणि निषिद्ध शरीरसंबंध हे तीन सोडून बाकी सगळे नियम बाजूला ठेवायचे. ठेवले तरी चालतील असं नाही, ठेवलेच पाहिजेत. तालमूदनं, म्हणजे धर्मनियमांवरच्या चर्चेच्या जुन्या ग्रंथानं, याला तोरातल्या लेवीय ग्रंथातल्या एका वचनाचा आधार दिला आहे: माणसानं या आज्ञांनी जगावं. आणि त्यावर तालमूदची जोड अशी की जगावं, त्यांच्यापायी मरू नये. शरीर हे माणसाच्या मालकीचं नाही, देवानं सांभाळायला दिलेलं आहे, ही त्यामागची धारणा. म्हणून प्रकृतीची काळजी घेणं हा आवडीचा किंवा शिस्तीचा भाग न राहता कर्तव्य होतं. रोज शौचाला जाऊन आल्यावर हात धुऊन म्हणायची एक छोटी प्रार्थना आहे. शरीरात ही छिद्रं आणि पोकळ्या तू केल्यास, यातलं एक जरी उघडलं किंवा बुजलं तरी तुझ्यापुढे उभं राहणं शक्य नाही, असा तिचा आशय. आतड्याचं ऑपरेशन झालेल्या एका गृहस्थांनी मला ती अर्थासह म्हणून दाखवली होती. शरीररचनेचा असा धडा मी वैद्यकीय महाविद्यालयात ऐकला नव्हता.

हे तत्त्व प्रत्यक्षात कसं चालतं ते योम किप्पूरला, प्रायश्चित्ताच्या दिवशी, दिसतं. हा साधारण २५ तासांचा उपास, आणि त्यात पाणीसुद्धा नाही. आमच्याकडे एक आजी होत्या, इन्सुलिनवर, मूत्रपिंड थोडं अशक्त. सणाच्या आधीच्या आठवड्यात सुनेनं त्यांना आणलं.

“डॉक्टर, यांना सांगा. माझं ऐकत नाहीत.”

आजी म्हणाल्या, “सगळं आयुष्य मी हा रोजा धरला. आता देवाला काय तोंड दाखवू?”

अशा वेळी साखरेचे आकडे सांगून काही होत नाही, त्या तयारच असतात सोसायला. मी त्यांना मिश्नाची, म्हणजे तालमूदच्या गाभ्यातल्या जुन्या नियमसंग्रहाची, गोष्ट सांगितली. मिश्नात स्पष्ट आहे की आजाऱ्याला त्या दिवशी जाणकारांच्या सांगण्यावरून खायला द्यावं. तालमूद त्याच्याही पुढे जातो: आजारी माणूस स्वतः म्हणाला की मला खाण्याची गरज आहे, आणि वैद्य म्हणाले नाही, तर आजाऱ्याचं ऐकायचं. आजी गप्प झाल्या, पण पटलं नव्हतं. मग त्यांच्या इस्राएलमधल्या भाच्यानं आपल्या वस्तीतल्या रब्बींना, म्हणजे धर्मगुरूंना, फोन लावला. रब्बींनी माझ्याशी बोलायचं म्हटलं. किडनीचे रिपोर्ट विचारले, इन्सुलिनचा प्रकार विचारला, आणि मग आजींना सांगितलं की तुम्ही न खाता राहिलात तर ते पुण्य नाही, ते पाप आहे. खा, पण मापानं. एका वेळी सुमारे ३० मिलिलिटर भरेल एवढंच अन्न, पाणी सुमारे ४० मिलिलिटर, आणि दोन घासांच्या मध्ये ९ मिनिटं जाऊ द्यायची. असं थोडं थोडं खाल्लं की ते हलाखाच्या मोजणीत पूर्ण ‘खाणं’ ठरत नाही, आणि साखरही सावरली जाते. सुनेनं औषधाच्या बाटलीचं मापाचं झाकण धुऊन ठेवलं. इन्सुलिनचा डोस आम्ही आधीच ठरवून कमी केला होता. त्या दिवशी आजी पांढरी साडी नेसून सिनेगॉगमध्ये बसल्या आणि मागच्या खोलीत जाऊन ते झाकण भरभरून खाल्लं.

यात महत्त्वाचं हे की आजींना मी धर्म बाजूला ठेवायला सांगितलं नाही. त्यांना जास्त धार्मिक अधिकाराच्या माणसानं जास्त नेमका नियम सांगितला. जाता जाता डॉक्टर वाचकांसाठी: मधुमेहाचं एसजीएलटी-२ गटातलं औषध चालू असेल तर अशा कोरड्या उपासाच्या आधी त्याचा विचार आवर्जून करा, कीटोॲसिडोसिस, म्हणजे रक्तात घातक आम्ल साठणं, होऊ शकतो. मधुमेहाच्याच सल्फोनिलयुरिया गटातल्या गोळ्यांनी साखर घसरू शकते. आणि रोज पाच-सहा कप चहा पिणाऱ्यांनी आठवडाभर आधीपासून चहा कमी करत आणावा. त्या दिवशीची डोकेदुखी बऱ्याचदा भुकेची नसते, चहा-कॉफी अचानक तुटल्याची असते.

आजारी माणसाभोवतीची ही व्यवस्था पुस्तकापुरती नाही. शब्बाथला, म्हणजे शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार रात्रीच्या विश्रांतीच्या दिवशी, गाडी चालवत नाहीत, फोन उचलत नाहीत, पण छातीत दुखलं तर तोच माणूस त्याच दिवशी न कचरता ॲम्ब्युलन्सला फोन लावतो, कारण तसं करणं हीच त्या क्षणीची आज्ञा. आजाऱ्याला भेटायला जाणं, ‘बिकुर खोलीम’, हे धर्मकर्तव्य आहे, आणि भेटायला येणारा दुखण्याचा साठावा हिस्सा घेऊन जातो असं तालमूद म्हणतो. जेरुसलेममध्ये १९७६ साली सुरू झालेली ‘याद सारा’ ही संस्था व्हीलचेअर, कुबड्या, ऑक्सिजनची यंत्रं घरी वापरायला देते. रब्बी येशायाहू हेबर यांनी २००९ साली ‘मातनात खाइम’ स्थापन केली, आणि अनोळखी माणसाला जिवंतपणी किडनी देणाऱ्यांची तिथे रांग लागली. दाते हजाराच्या पुढे गेले, आणि त्यांत धर्म पाळणारे फार मोठ्या संख्येनं आहेत. हेबर स्वतः एप्रिल २०२० मध्ये कोविडनं गेले. किबुत्झच्या त्या आकड्यांचं कारण एका वाक्यात सांगता येणार नाही, पण मला विचाराल तर मी आधी इकडे पाहीन: एकटं न पडणं, आठवड्यातून एक दिवस खरोखरीची विश्रांती, दारूला धार्मिक विधीची चौकट, आणि शब्बाथला आग पेटवायची नाही म्हणून सिगारेटला लागणारी सक्तीची सुट्टी.

आता दुसरी बाजू. इथे मला काळजी वाटते.

प्रकृती बिघडण्याआधी सांभाळा, हे धर्मग्रंथांत नाही असं अजिबात नाही. मायमोनिडीस यांनी आपल्या संहितेत एक अख्खा अध्याय खाणं, झोप, व्यायाम, पोट साफ असणं यावर लिहिला आहे. पोट तुडुंब भरेपर्यंत जेवू नका, पाव हिस्सा रिकामा ठेवा, हा त्यांचाच सल्ला. पण जीव धोक्यात असताना लागू होणारा नियम जितका अटळ वाटतो, तितका हा सल्ला वाटत नाही. योम किप्पूरला खाऊ का म्हणून रब्बींना फोन जातो. वजन वाढलं म्हणून कोणी फोन करत नाही. येशिवात, म्हणजे धर्मशिक्षणाच्या शाळेत, मुलगे सकाळपासून रात्रीपर्यंत बाकावर बसून अभ्यास करतात. खेळणं, पळणं हे वेळेचा अपव्यय मानण्याची वृत्ती अनेक ठिकाणी आहे. शुक्रवारी रात्रीच्या आणि शनिवारच्या जेवणात ब्रेड, तेलकट कुगेल (नूडल्स किंवा बटाट्याचा भाजलेला पदार्थ), रात्रभर शिजलेला चोलंत (मांस आणि कडधान्याचा रस्सा), गोडधोड. अंगभर कपडे आणि दिवसभर घरात किंवा वर्गात, त्यामुळे जीवनसत्त्व ड कमी. इस्राएलमध्ये हरेदी समाजात लठ्ठपणा हा खरा प्रश्न आहे, आणि त्याच समाजातले लोक पाहण्यांमध्ये ‘माझी तब्येत चांगली आहे’ असं इतरांपेक्षा जास्त सांगतात. प्रबंध करणाऱ्यानं हे लक्षात ठेवायला हवं. समाधानी माणूस तब्येत चांगली सांगतो, आणि चांगली तब्येत असलेला माणूसही तेच सांगतो. प्रश्नावलीला दोघांतला फरक कळत नाही.

सिगारेटचंच पाहा. शब्बाथला तिला बंदी आहे, पण ती आगीमुळे, फुप्फुसामुळे नाही. विसाव्या शतकाच्या मध्यात रब्बी मोशे फाइनस्टाइन यांनी सिगारेट टाळावी असं म्हटलं पण संपूर्ण निषिद्ध ठरवली नाही. नंतर रब्बी एलिएझर वाल्डेनबर्ग यांनी ती निषिद्धच ठरवली, आणि अमेरिकेतल्या ऑर्थोडॉक्स रब्बींच्या परिषदेनं २००६ साली तसाच निर्णय दिला. कर्करोगाचा पुरावा हातात आल्यावर इतकी वर्षं लागली, कारण धोका आज, या क्षणी नव्हता.

स्तनांच्या कर्करोगाची तपासणी हा मला सगळ्यात जास्त खुपणारा विषय. अश्केनाझी म्हणजे युरोपीय वंशाच्या ज्यूंमध्ये साधारण ४० पैकी एका व्यक्तीत स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढवणारा बीआरसीए जनुकातला बदल आढळतो. म्हणजे तपासणीची गरज इथे उलट जास्त. तरी कडक धार्मिक घरांतल्या बायका मॅमोग्राफी टाळतात. लाज हे एक कारण, पण त्याहून मोठं कारण लग्नं जुळवण्याचं. घरात कर्करोग आहे, वेडसरपणा आहे, अपस्मार आहे असं बाहेर पडलं तर मुलींची स्थळं अडतात. म्हणून बाई गाठ अंगावर काढते. कोकणातल्या आणि देशावरच्या घरांत मी हेच पाहिलं आहे, त्यामुळे यात परकं काही वाटत नाही.

लसीकरणाचं तुम्ही विचारलंत. २०१८ ते २०१९ मध्ये न्यूयॉर्क शहरात गोवराचे ६४९ रुग्ण झाले, बहुतेक ब्रुकलिनमधल्या ऑर्थोडॉक्स वस्त्यांत. त्याच काळात इस्राएलमध्येही मोठी साथ होती. २०२२ साली न्यूयॉर्कजवळच्या रॉकलंड परगण्यात लस न घेतलेल्या एका तरुणाला पोलिओनं पक्षाघात झाला. लगेच ‘धर्माचा लसीला विरोध’ असं छापून आलं. हलाखात लसीला विरोध नाही. बहुसंख्य रब्बी लस घ्या असंच सांगतात. अपप्रचार करणारे थोडे आहेत आणि त्यांचा आवाज मोठा आहे, हेही खरं. पण लंडनमधल्या स्टॅमफर्ड हिल वस्तीत बारकाईनं पाहिलं तेव्हा साधी कारणं वर आली: सात-आठ लेकरं, आई एकटी, दवाखान्याची वेळ गैरसोयीची, बाबागाडी आत नेता येत नाही, मोठ्याच्या लसी वेळेवर झाल्या पण धाकट्याचं राहून गेलं. तिथे रविवारी दवाखाना उघडा ठेवणं हे व्याख्यानांपेक्षा उपयोगी. दाट वस्ती, मोठी कुटुंबं, एकमेकांच्या लग्नांना परदेशी जाणं, यामुळे थोड्याशा राहून गेलेल्या लसींनीही साथ पेटते. ज्या एकत्र राहण्यानं आजारी माणूस तगतो, त्याच एकत्र राहण्यावर गोवर वाढतो.

रब्बींचं वजन दोन्ही बाजूंनी पडतं. मार्च २०२० मध्ये बने ब्राकमधले वयोवृद्ध रब्बी खाइम कानियेव्स्की यांनी सुरुवातीला शिक्षणसंस्था चालू ठेवायला सांगितलं. महिनाअखेरीला त्यांनीच एकेकट्यानं प्रार्थना करा असा आदेश दिला, आणि तो पाळला गेला. मधल्या दिवसांची किंमत शहरानं मोजली.

प्रतिबंध या समाजात रुजूच शकत नाही, असं मात्र समजू नका. टे-सॅक्स या आजारात बाळ काही महिन्यांनी मागे पडत जातं आणि लहानपणीच दगावतं. अश्केनाझी ज्यूंमध्ये सुमारे ३० पैकी एक जण त्याचा वाहक असतो: स्वतः निरोगी, पण नवरा-बायको दोघंही वाहक असले तर बाळाला आजार होऊ शकतो. ब्रुकलिनचे रब्बी योसेफ एकश्टाइन यांची चार मुलं या आजारानं गेली. त्यांनी १९८३ साली ‘दोर येशोरीम’ सुरू केलं. शाळकरी वयातच रक्त घेतात, मुलाला फक्त एक क्रमांक देतात. तू वाहक आहेस की नाही हे त्यालाही सांगत नाहीत. स्थळ ठरताना दोन्हीकडचे क्रमांक कळवायचे, आणि उत्तर एवढंच येतं: जोडी योग्य आहे किंवा नाही. कोणावर शिक्का बसत नाही. तपासणी लग्न ठरवण्याच्या रीतीतच बसवली, आणि त्या समाजात टे-सॅक्सची बाळं जन्माला येणं जवळपास थांबलं. मॅमोग्राफीसाठी अशी जागा अजून कोणी शोधलेली नाही. ती शोधणारी बाई, मला वाटतं, त्याच समाजातली असेल.

आता तुमच्या पाहणीकडे. बेने इस्राएल समाजाला वरचं सगळं जसंच्या तसं लावू नका. नवगावच्या किनाऱ्यावर पूर्वज उतरल्याची परंपरा सांगणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे हे शनवार तेली. शतकानुशतकं त्यांच्याकडे रब्बी नव्हते, हज्जान, म्हणजे प्रार्थना चालवणारे, होते. पाळणूक घरातून, आईकडून आली. मांसासोबत दूध चालत नाही, तर कालवणाला नारळाचं दूध. गोमांस बहुतेक घरांत शेजाऱ्यांच्या भावनेपोटी नाही. तिशा बाआवचा, म्हणजे जेरुसलेमचं मंदिर उद्ध्वस्त झाल्याच्या शोकाचा, उपास म्हणजे बिरड्याचा रोजा. किद्दूशला, म्हणजे शब्बाथच्या आशीर्वाद-विधीला, वाइन नसेल तर काळ्या मनुकांचं सरबत. आजारातून उठल्यावर एलियाहू हन्नावीच्या, म्हणजे प्रेषित एलियाच्या, नावानं मलिदा: भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, सुका मेवा, फळं. मधुमेह असलेल्या रुग्णाला मी मलिदा बंद करायला कधी सांगितलं नाही, प्रसाद म्हणून चमचाभर घ्या आणि फळांतलं सफरचंद उचला एवढंच सांगितलं. हाच समाज कामा हॉस्पिटलच्या प्रमुख राहिलेल्या, १९६६ साली पद्मश्री मिळालेल्या डॉ. जेरुशा झिराड यांचा. मुलींनी डॉक्टर व्हायचं, बाळंतपण हॉस्पिटलात करायचं, याला या घरांत खळखळ फारशी नव्हती. हरेदी वस्तीतल्या शंका इथे शोधत बसलात तर सापडणार नाहीत, आणि इथला खरा प्रश्न, म्हणजे मधुमेह, रक्तदाब आणि मुलं इस्राएलला गेल्यामुळे एकटे राहिलेले म्हातारे, हातून निसटेल.

म्हणून ‘१ ते ५’ काढून टाका. इस्राएलमध्ये लोक स्वतःला हिलोनी (धर्मनिरपेक्ष), मासोर्ती (परंपरा मानणारे), दाती (धार्मिक), हरेदी असं ओळखवतात. ठाण्यात हे शब्द वापरून उपयोग नाही. प्रत्यक्ष कृती विचारा. शब्बाथला गोळी घेता का? गेल्या योम किप्पूरला औषध चालू होतं का, उपास धरला का, कोणाला विचारलं: डॉक्टरला, हज्जानला, इस्राएलमधल्या नातेवाइकाला की कोणालाच नाही? हॉस्पिटलात दाखल झालात तर डबा कोण आणेल? शेवटचा रक्तदाब कधी मोजला, आणि मोजायला कोणी सांगितलं? बायकांना स्तनतपासणीचं विचारायला बाईच पाठवा, आणि सुनेसमोर सासूला विचारू नका.

शुक्रवारी दुपारनंतर आणि शनिवारी कोणाकडे जाऊ नका. आणि एक गोष्ट तुमच्या एथिक्स कमिटीच्या लक्षात कदाचित येणार नाही: महाराष्ट्रात हा समाज आता काही हजारांचा आहे. ‘अलिबाग तालुका, वय ६७, स्त्री, स्तनाचा कर्करोग’ एवढं तक्त्यात छापलंत तरी ती कोण हे सगळ्यांना कळेल, आणि तिच्या नातीचं स्थळ अडू शकेल. गावाचं नाव काढा, वय दहा-दहा वर्षांच्या गटात द्या, आणि पाचापेक्षा कमी माणसं असलेला रकाना छापूच नका.